मालमूस्क, मार्सेय: वाळू नाही, शॉवर नाही, तरीही शहरातली सगळ्यात भारी पोहायची जागा

आधीच सांगते, बीच म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर लांबलचक वाळू, छत्र्या, नारळपाणी असलं काही येत असेल तर दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या या मालमूस्कला जाऊ नका, कारण इथे आहेत ते फक्त खडक. पांढरट चुनखडीचे खडक, मधेमधे ओतलेले सिमेंटचे सपाट ओटे, पाण्यात उतरायला लोखंडी शिड्या आणि समोर डायरेक्ट खोल निळं पाणी, बास. पण मला विचाराल तर मार्सेयमधे एकच संध्याकाळ हातात असेल तर ती म्युझियममधे नाही, जुन्या बंदरावरच्या महागड्या टेबलावर पण नाही, इथे या खडकावर घालवा. हे मी मनापासून सांगतेय.

ही जागा शहराच्या बाहेर नाहीये हे महत्त्वाचं. मार्सेय म्हटलं की सगळे कालांकला पळतात, म्हणजे शहराच्या दक्षिणेला जे उंच चुनखडीचे कडे आणि मधे शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या आहेत ना तिकडे, आणि त्या सुंदर आहेतच, प्रश्नच नाही, 2012 पासून नॅशनल पार्क आहे ते. पण तिथे जायचं म्हणजे उन्हात तंगडतोड, उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने कधीकधी रस्ते बंद, आणि सुजितों नावाच्या खाडीसाठी तर 2022 पासून सीझनमधे आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं कारण दिवसाला फक्त 400 लोकांना सोडतात. मालमूस्कला यातलं काहीच नाही. सिटी बसने जायचं, गल्लीतून खाली उतरायचं, कपडे काढून पाण्यात. तिकीट नाही, गेट नाही, वेळ नाही.

कसं जायचं ते सांगते कारण पहिल्यांदा जाणारे हमखास वरच्या रस्त्यावरच घुटमळतात. पॅरिसहून येणार असाल तर टीजीव्ही या वेगवान ट्रेनने साधारण सव्वातीन तासात सॅं शार्ल स्टेशनला पोचता, तिथून मेट्रोची एक नंबरची लाइन पकडून दुसरा स्टॉप व्ह्यू पोर म्हणजे जुनं बंदर. बंदरावरून 83 नंबरची बस घ्यायची, ती समुद्राच्या कडेकडेने कॉर्निश केनेडी नावाच्या रस्त्याने जाते, आणि या बसमधे शक्यतो उजव्या बाजूला बसा कारण काताला बीच मागे पडला की एकदम समुद्र उघडतो आणि मग डोळे हटत नाहीत. व्हालों देझोफ स्टॉपला उतरायचं. चालत पण येता येतं, बंदरापासून पाऊण तास धरा, पण जुलै ऑगस्टच्या दुपारी हा प्रयोग करू नका, त्या रस्त्यावर सावलीचं नाव नाही.

उतरल्यावर समोर पहिल्या महायुद्धात पूर्वेकडच्या आघाडीवर मेलेल्या सैनिकांचं मोठ्ठं कमानीचं स्मारक दिसतं, 1927 चं, आणि त्याच्या शेजारीच रस्त्याच्या पुलाखाली व्हालों देझोफचं ते इवलंसं कोळ्यांचं बंदर. तिथे आधी पाच मिनिटं थांबाच. रंगीत लाकडी होड्या एकमेकींना खेटून उभ्या, वरून पुलाच्या कमानी, खाली जाळी वाळत घातलेली, आणि हे सगळं भर शहरात, डोक्यावरून बसेस धावतायत. तिथून कॉर्निशवर थोडं पुढे जाऊन मालमूस्कच्या गल्ल्यांमधे वळायचं. गल्ल्या एकदम अरुंद, दोन्हीकडे घरांच्या भिंती, भिंतीवरून लोंबणारी बोगनवेल, आणि मग अचानक एक जिना खाली जातो आणि समोर समुद्र. वाटेत फ्रेंच फॉरेन लीजनच्या, म्हणजे फ्रान्सच्या सैन्यातल्या परदेशी लोकांच्या दलाच्या, सैनिकांसाठीचं विश्रामगृह लागतं, कुंपण बघून ही मिलिटरीची जागा आहे, आपण चुकलो असं वाटतं, पण चुकलेलो नसतो, त्याच्या बाजूनेच वाट खाली जाते. फक्त एक, या गल्ल्यांमधे लोक राहतात, उन्हाळ्यात रोज शेकडो माणसं त्यांच्या खिडकीखालून जातात, तेव्हा आवाज कमी ठेवा आणि गाडी आणूच नका, पार्किंग मिळत नाही आणि त्या गल्लीत रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर देव आठवतील.

आता जागेबद्दल. खडक तीन चार टप्प्यात आहेत असं समजा. वरच्या टप्प्यावर लोक पुस्तक वाचत, गप्पा मारत बसतात. मधल्या सपाट ओट्यांवर टॉवेल पसरायची जागा, आणि ती जागा सकाळी दहानंतर वीकेंडला संपते. सगळ्यात खाली पाण्यालगतचा टप्पा, तो कायम ओला असतो आणि त्यावर हिरवं शेवाळ असतं, दिसायला मखमलीसारखं, पाय ठेवला की सरळ पाण्यात. शिडीचा वरचा भाग उन्हाने एवढा तापतो की हात भाजतो, आणि पाण्याखालच्या पायऱ्या बुळबुळीत, त्यामुळे पाठ समुद्राकडे करून, दोन्ही हातांनी धरून, शांतपणे एकेक पाय खाली. इथली पोरं या शिड्या वापरतच नाहीत, उंचावरून उड्या मारतात, बघायला मजा येते, पण ती लहानपणापासून इथेच वाढलेली, कुठे खाली खडक आहे आणि कुठे नाही हे त्यांना पाठ आहे. आपण तो नाद करायचा नाही.

पाणी! पाण्याबद्दल किती लिहू असं होतं मला. भूमध्य समुद्राला भरती ओहोटी जवळजवळ नाहीच, मार्सेयला फरक पडून पडून वीतभर. कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे पटतच नाही, आपल्याकडे समुद्र मैलभर आत जातो आणि परत येतो, गाळ ढवळला जातो, इथे पाणी सकाळी होतं तिथेच संध्याकाळी. गाळ नाही म्हणून पाणी काचेसारखं, वरून खालचे दगड मोजता येतात. आणि खारटपणा जास्त, लिटरला साधारण 38 ग्रॅम मीठ, महासागरात 35 च्या आसपास असतं, त्यामुळे अंग जरा जास्त तरंगतं हे पहिल्या मिनिटात जाणवतं. पाठीवर पडून राहायचं, कान पाण्याखाली, वर आकाश, आणि मान थोडी वळवली की डोंगरावर नोत्र दाम द ला गार्द चर्चच्या टोकावरची सोनेरी मूर्ती चमकताना दिसते. इथले लोक तिला प्रेमाने बॉन मेर म्हणतात, खलाशांची राखणदार ती. खाली समुद्र, वर ती, मधे आपण तरंगतोय, यासाठी लोक कुठे कुठे पैसे भरतात आणि इथे हे फुकट आहे.

गॉगल किंवा मास्क नक्की न्या. खडकाच्या कडेकडेने पोहत गेलं की खाली एक वेगळंच गाव आहे. सोनेरी पट्ट्यांचे सालेमा मासे कळपाने खडकावरचं शेवाळ खात असतात, एकदम शिस्तीत, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. हिरव्या निळ्या नारिंगी रंगाची छोटी जिरेल, आणि उन्हाळा संपताना काळ्या कास्तान्योल माशांची पिल्लं दिसतात, ती इतकी झगझगीत निळी असतात की पहिल्यांदा मला वाटलं कुणाचं काहीतरी पाण्यात पडलंय. पुढे थोडं खोल गेलं की पोसिडोनिया गवताची कुरणं, या गवताची ही जात फक्त भूमध्य समुद्रातच उगवते, माशांची पिल्लं यातच वाढतात. किनाऱ्याला याची वाळकी तपकिरी पानं साठलेली दिसली तर लोक नाक मुरडतात, घाण आहे म्हणतात. घाण नाहीये ती, उलट आसपास ही कुरणं शिल्लक आहेत याची खूण आहे.

आणि ऊर्सां. म्हणजे समुद्री साळिंदरं म्हणा, काळे जांभळे काटेरी गोळे, खडकाच्या प्रत्येक फटीत. एक नीट निरखून बघितलं मी, त्याने स्वतःच्या काट्यांवर शिंपल्याचा एक तुकडा आणि गवताचं पान छत्रीसारखं धरून ठेवलं होतं, आणि मधेमधे बारीक दोऱ्यासारखे पाय बाहेर काढून तो शिंपला अगदी हळू सरकवत होतं. दहा मिनिटं मी तिथेच लटकून होते. पण पाय पडला तर काटा आत तुटतो आणि जाम दुखतं, त्यामुळे वॉटर शूज घालूनच उतरायचं, यात तडजोड नाही. शूज साध्या स्पोर्ट्सच्या दुकानात स्वस्तात मिळतात. काटा गेलाच तर दाबत बसू नका, जवळच्या फार्मसीत जा, हिरवा क्रॉस दिसतो ना ती, तिथली माणसं रोज हेच बघत असतात. आणि उन्हाळ्यात ही ऊर्सां काढायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा शोभेला म्हणून पण उचलू नका.

आता मिस्त्राल. मिस्त्राल म्हणजे उत्तरेकडून र्‍होन नदीच्या खोऱ्यातून खाली येणारा कोरडा गार वारा, आणि मालमूस्कचा सगळा अनुभव त्याच्यावर ठरतो. मिस्त्राल सुटला की आकाश धुतल्यासारखं निळंशार होतं, फोटो एक नंबर येतात, आणि नेमका त्याच दिवशी समुद्र पोहण्यासारखा नसतो. लाटा तर असतातच पण मुख्य म्हणजे पाणी एका दिवसात थंडगार पडतं. कारण असं की वारा वरचं तापलेलं पाणी ढकलून किनाऱ्यापासून लांब नेतो आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. ऑगस्टमधे आदल्या दिवशी चोवीस डिग्री असलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सोळा सतरावर आलेलं असू शकतं, बाहेर ऊन तेच, कॅलेंडर तेच. एक आजी तिथे भेटल्या, घडीची खुर्ची घेऊन रोज येतात, डोक्याला फुलाफुलांची रबरी टोपी, त्यांनी मला शिडीवर थांबवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, आधी मनगटं भिजवा, मग मान, मग पोट. घाई केली की हृदयाला धक्का बसतो. आणि वाऱ्यानंतर दोन दिवस थांबायचं असतं, समुद्राला परत गरम व्हायला वेळ द्यायचा असतो." मग स्वतः त्याच गार पाण्यात उतरल्या आणि शांतपणे मान वर ठेवून पोहत लांबपर्यंत गेल्या. त्यांच्याबरोबर आणखी तिघीजणी होत्या, चौघी एका ओळीत पोहत होत्या आणि पूर्ण वेळ गप्पा चालू होत्या, कुणाच्या तरी सुनेबद्दल असावं, हातवाऱ्यांवरून तसंच वाटलं.

या बायकांमुळेच मला ही जागा एवढी आवडली खरं तर. मार्सेय हे फ्रान्समधलं दुसऱ्या नंबरचं शहर, ख्रिस्तपूर्व 600 च्या सुमारास ग्रीक खलाशांनी वसवलेलं, तेव्हापासून बाहेरून माणसं येतायत आणि राहतायत, इटालियन, आर्मेनियन, अल्जेरियन, कोमोरोसचे लोक, आणि हे सगळे तुम्हाला एका पन्नास मीटरच्या खडकावर एकत्र दिसतात. इकडे कॉलेजची पोरं स्पीकर लावून, तिकडे पत्त्यांचा डाव, मधे एक बाई हेडस्कार्फ आणि फुल कपड्यात मुलीला पोहायला शिकवतेय, बाजूला दुसरी बिकिनीत झोपलीय, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. आपल्याकडच्या बायकांना हा प्रश्न असतोच म्हणून लिहितेय, लेगिंग टीशर्ट घालून पोहलात तरी चालतं, फ्रान्समधल्या सरकारी स्विमिंग पूलचे पोशाखाचे नियम कडक असतात पण इथे कुणी काही विचारलं नाही, मी स्वतः फुल हाताचा स्विमसूट घालून होते आणि एका मिनिटात ते विसरून पण गेले.

समोरचा देखावा पण समजून घ्या. अगदी जवळ छोटी बेटं आहेत, त्यातलं एक देगाबी, त्यावर जुना किल्ला. त्यामागे फ्रिउलची बेटं आणि त्यात एक ठसठशीत चौकोनी किल्ला दिसतो तो शातो दिफ, सोळाव्या शतकात फ्रान्स्वा पहिला या राजाने बांधून घेतलेला, पुढे त्याचा तुरुंग झाला. त्याला भेट द्यायची असेल तर बोट जुन्या बंदरातून सुटते, इथून नाही. आणि मराठी माणूस मार्सेयला आला की एक नाव निघतंच. शाळेच्या पुस्तकातलं मार्सेलिस बंदर ते हेच, 8 जुलै 1910 ला सावरकरांनी मोरिया बोटीतून उडी मारली ते हे शहर. आमच्यातल्या एकाने तिथेच विचारलं की उडी इथे मारली का, तर नाही, ते बंदराच्या भागात, जिथे मोठी जहाजं लागतात तिकडे, मालमूस्क त्याच्या दक्षिणेला आहे. पण हेच पाणी. पोहत धक्क्यावर पोचल्यावर त्यांना पकडून परत ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं आणि मग ते प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं, 1911 मधे निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. खडकावर बसून बंदरात शिरणारी मोठी जहाजं बघताना हे डोक्यातून जात नाही, निदान माझ्या तरी गेलं नाही.

अजून एक गोष्ट जी टुरिस्ट लोक हमखास चुकवतात, मालमूस्कपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर कॉर्निशच्या कडेला, पाण्यालगत एक साधीशी छोटी इमारत आहे, मारेग्राफ. समुद्राची पातळी मोजणारं यंत्र आहे तिथे. 1885 ते 1897 अशी बारा वर्षं तिथे सतत समुद्राची पातळी मोजली आणि त्याची जी सरासरी आली तोच फ्रान्सच्या मुख्य भूमीचा शून्य. म्हणजे आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराची उंची असो की एखाद्या खेड्यातल्या रेल्वे स्टेशनची, नकाशावर जो आकडा छापलाय तो या किनाऱ्यापासून मोजलेला. जवळजवळ भरती ओहोटी नसलेला समुद्र याच कामाला बरा. आत प्लॅटिनम इरिडियमची एक छोटी टिकली खुणेसाठी बसवलेली आहे. एरवी आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचं. आणि त्या वेळेपासून आजपर्यंत समुद्र इथे पंधरा सेंटिमीटरहून जास्त वर आलाय, हे पण याच यंत्रामुळे कळतं. खालच्या ओट्यावर बसून पाय पाण्यात सोडले की तो आकडा नुसता आकडा राहत नाही, पंधरा सेंटिमीटर म्हणजे घोट्यापासून पोटरीपर्यंत.

आता तक्रारी, कारण आहेत. टॉयलेट नाही, शॉवर नाही, लाइफगार्ड नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. टॉयलेट आणि शॉवर पाहिजे तर काताला किंवा प्रोफेत बीचवर जायचं, दोन्ही याच रस्त्यावर, दोन्हीकडे वाळू, सीझनमधे लाइफगार्ड पण. लहान मुलं, पोहता न येणारे आणि गुडघे दुखणारे ज्येष्ठ असतील तर प्रोफेतलाच जा, उगाच हट्ट नको, खडकावर त्यांची फरफट होते आणि तुमचाही सगळा वेळ त्यांचा हात धरण्यात जातो. शिवाय त्या बीचवर झेंडे लागतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे बंदी आणि जांभळा म्हणजे पाण्यात प्रदूषण किंवा त्रासदायक जीव. मालमूस्कला झेंडा नसतो, त्यामुळे बसमधून येता येता काताला बीचचा झेंडा बघून घ्यायचा, ही सवय मला फार उपयोगी पडलीय. जोरदार पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पोहू नका, शहराचं गटाराचं पाणी ओव्हरफ्लो होऊन समुद्रात येतं.

कचरा ही दुसरी तक्रार, आणि याचा मला खरंच राग येतो. खडकाच्या फटीफटीत सिगारेटची थोटकं, बिअरच्या बाटल्यांच्या काचा. रविवार संध्याकाळनंतर सोमवारी सकाळी सगळ्यात वाईट अवस्था असते. शिंपल्याच्या नादात अनवाणी फिरणाऱ्या पोरांना या काचा लागतात. एक पिशवी बरोबर ठेवा, स्वतःचा कचरा तर न्याच आणि आजूबाजूचा जमेल तेवढा पण उचला, त्या आजी रोज उचलतात.

जेलीफिश पण कधीकधी येतात, छोटे जांभळट गुलाबी, वाऱ्यावर अवलंबून असतं. लागलाच तर गोड्या पाण्याने धुवायचं नाही आणि चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं. पाण्यात उतरायच्या आधी बाहेर येणाऱ्या माणसाला विचारायचं, "मेद्युज?" एवढा एक शब्द पुरतो, तो मान हलवून सांगतो. लांब पोहणार असाल तर भडक रंगाचा बोया म्हणजे तरंगणारा फुगा कमरेला बांधा कारण बेटांच्या बाजूने बोटी फिरतात, किनाऱ्यापासून 300 मीटरच्या आत त्यांना पाच नॉटची, म्हणजे ताशी साधारण नऊ किलोमीटरची, स्पीड लिमिट असते पण सगळेच पाळतात असं नाही. आणि नंबर लक्षात ठेवा, समुद्रातल्या मदतीसाठी 196, एरवी 112.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर खडकावर काही मिळत नाही, सगळं बरोबर न्यायचं. मी काय करते, निघायच्या आधी जुन्या बंदरापासून जवळच्या नोआयच्या बाजारात जाते, तिथून ऑलिव्ह, टोमॅटो, जरदाळू, एखादी फुगास म्हणजे तो ऑलिव्ह ऑइलमधला भोकाभोकांचा पाव, आणि मिळालं तर पानिस. पानिस शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवा, चण्याच्या पिठाचं शिजवून थापलेलं आणि मग तळलेलं प्रकरण, बाहेरून कुरकुरीत आतून लोण्यासारखं मऊ, वर मीठ मिरपूड. गरमच चांगलं लागतं पण पोहून आल्यावर गार पण संपतं. पाणी माणशी दीड लिटर तरी, सावली शून्य आहे आणि पांढऱ्या खडकावरून ऊन परत अंगावर येतं, दुपारी बारा ते चार तर मी जातच नाही. बाजूच्याच मालदोर्मे खाडीवर ल पती नीस नावाचं तीन मिशलिन स्टारचं रेस्टॉरंट आहे, तिथली माणसं आणि टॉवेलवर ऑलिव्ह खाणारी माणसं एकच समुद्र बघत असतात. बुयाबेसचा बेत असेल, म्हणजे मार्सेयचं ते प्रसिद्ध माशांचं कालवण, तर व्हालों देझोफमधे शे फोनफोन हे जुनं नाव आहे, पण चांगली बुयाबेस कुठेही स्वस्त नसते आणि आधी बुकिंग करावं लागतं. बंदरावर कुणी अगदी स्वस्तात बुयाबेस देतो म्हणाला तर ते साधं फिश सूप असतं, आम्ही एका ठिकाणी खाल्लं, नाव घेत नाही, पैसे वाया गेले.

चोरीचं विचारतात लोक. सरळ आहे, मौल्यवान काही आणायचंच नाही. फोन, बसचा पास, थोडे युरो, वॉटरप्रूफ पाऊचमधे गळ्यात. ग्रुपने असाल तर एकजण वर बसतो. माझं काही गेलं नाही पण बॅग टाकून सगळेच्या सगळे पाण्यात गेलेले ग्रुप मी बघितलेत आणि मला त्यांचीच धाकधूक होत होती.

कधी जायचं? माझं उत्तर सप्टेंबर. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, शाळा सुरू झालेल्या असतात, वीकडेला सकाळी ओटा रिकामा मिळतो आणि ऊन भाजत नाही. जूनमधे दिवस मोठे पण पाणी अजून गार. जुलै ऑगस्टमधे जायचं तर सकाळी आठला नाहीतर संध्याकाळी सहानंतर, जुलैच्या सुरुवातीला सूर्य तसाही सव्वानऊपर्यंत मावळत नाही आणि मावळतो तो समुद्राच्या बाजूला. तेव्हा गर्दी होते, लोक वाइन, चीज, गिटार सगळं घेऊन येतात, मस्त वाटतं. फक्त अंधार पडायच्या आत शेवटचं पाण्यातून बाहेर या आणि वर चढा, जिन्यावर उजेड कमी आणि पाय ओले.

रेटिंग द्यायचंच तर पोहता येणाऱ्याला पाचपैकी साडेचार, न येणाऱ्याला दोन. अर्धा मार्क कचऱ्याचा कापलाय. परतीला 83 सूर्यास्तानंतर खच्चून भरलेली असते, दोन बस सोडाव्या लागतात कधीकधी, त्यापेक्षा कॉर्निशच्या कठड्याकडेने काताला बीचपर्यंत चालत या, तोपर्यंत केस पण वाळतात, आणि तिथून मिळेल ती बस बंदराकडे.